काटा कोणाबद्दल बोलतो

‘विज्ञानाने अखेर मानवाला स्पर्शाच्या बंधनातून मुक्त केले आहे.’

हे वाक्य माझं आहे. ते चिंतनातून आलेलं नाही. निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर दीड ओळ रिकामी राहत होती आणि छापखान्याचा माणूस दारात उभा होता. पुढे ते वाक्य फलकावर गेलं, वार्षिक अहवालात गेलं, आणि एका भाषणात तर ते कुणा थोर शास्त्रज्ञाचं म्हणून मलाच ऐकावं लागलं. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

कर्जत आणि खालापूरच्या मधल्या एका धर्मादाय इस्पितळात मी तेव्हा कचेरीचं काम करत होते. इस्पितळात जे घडे ते सिस्टर करत. जे घडल्याचं कळवलं जाई ते मी करत असे. पत्रं, सूचनाफलक, अहवाल, पाहुण्यांची भाषणं, पाहुणे न आल्यास दिलगिरी. चार खाटांच्या एका खोलीच्या दारावर ‘नवजात अतिदक्षता विभाग’ अशी माझीच पाटी होती. आजूबाजूच्या गावांत त्या खोलीला ‘काचेची खोली’ म्हणत. पाटी वाचून तिथे पोचलेला माणूस मी पाहिला नाही.

या इस्पितळातली यंत्रं सांभाळायला एक गृहस्थ होते. त्यांचं नाव पगारपत्रकावर होतं आणि मी ते दर महिन्याला टाइप करत असे. पण त्या नावाने कुणी हाक मारली असती तर कोण आलंय हे बघायला त्यांनीही मागे वळून पाहिलं असतं. सगळे त्यांना काटेचाचा म्हणत. घराणं मूळचं म्हसळ्याकडचं, दोन पिढ्यांमागे खालापुरात आलेलं. भाऊ सगळे दुकानदारीत. हे एकटे एका वीजघरात लागले आणि तिथे चौतीस वर्षं काट्यांसमोर बसले: पाण्याच्या दाबाचा काटा, तेलाच्या गरमीचा काटा, विजेचा काटा. निवृत्त झाल्यावर सहा महिने घरी बसून त्यांनी घरातल्या घड्याळांना, वजनकाट्याला आणि बायकोच्या शिवणयंत्राला इतकं हैराण केलं, की बायकोनेच त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. जिन्याखालची खोली त्यांना मिळाली. आत एक टेबल, एक पेटी आणि एक उलटी बादली. बसायला बादली. खुर्चीवर बसलं की झोप येते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि झोपलेल्या माणसाला काटा काय वाट्टेल ते सांगतो.

चाचा कोणताही आकडा वाचण्याआधी यंत्रावर मधल्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत. ही वीजघरातली सवय. अडकलेला काटा टकटक केल्यावर सुटतो. पण चाचा टकटक सगळ्यांवरच करत. फ्रिजवर, ऑक्सिजनच्या टाकीवर, माझ्या कॉम्प्युटरवर, आणि एकदा बोलता बोलता संस्थेच्या सचिवांच्या छातीवर. ते दुसऱ्यांदा निवृत्त झाले तेव्हा शाल आणि श्रीफळ मिळालं. त्यांनी व्यासपीठावरच नारळावर टकटक केली आणि माइकसमोर म्हणाले, “पानी कमी हाय.” खाली मी फोडला. कमी होतं.

त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं, आणि ते ऐकायला वेळ लागत नसे.

“काटा खोटा बोलत नाय. तो कोनाबद्दल बोलतो, त्येवढं बगायचं.”

वीजघरात म्हणे एका दाबाच्या काट्याला तीन दिवस थरथर सुटली होती. साहेब लोकांनी नळ तपासले, झडपा तपासल्या, वरून आणखी मोठे साहेब बोलावले. चाचांनी त्या काट्याच्या कपाटावर ठेवलेला टेबलफॅन बंद केला. “काटा खराच बोलत होता,” ते सांगत, “पंख्याबद्दल.” ही गोष्ट मी त्यांच्याकडून निदान चाळीस वेळा ऐकली. साहेबांची संख्या दर वेळी वाढत असे. पंखा एकच राहिला.

हे तत्त्व ते माणसांनाही लावत. कुणी म्हणालं, ‘गावात सगळे म्हणतात,’ की चाचा विचारत, “सगले म्हंजे कोन?” समोरच्याला दोन नावं सांगता येत, त्यांतलं एक त्याचं स्वतःचं असे.

थर्मामीटर आला की ते आधी स्वतःला लावत. त्यांचा स्वतःच्या प्रकृतीवर सरकारी मोहरेइतका विश्वास होता. “मी अट्ट्याण्णव पॉइंट चार. त्याच्या वर दाखवला तर मशीन आजारी.” ही पद्धत पाच वर्षं उत्तम चालली. मग एका सप्टेंबरात त्यांनी एका सकाळी चार थर्मामीटर बाद केले. पाचवा हातात घेताना त्यांना थंडी वाजू लागली आणि सिस्टरांनी त्यांना उचलून खाटेवर टाकलं. हिवताप होता. उतरल्यावर त्यांनी ते चारही थर्मामीटर कचऱ्यातून परत काढले, पुसले आणि मला म्हणाले, “बाय, चुकी झाली. चौघं खरं बोलत होते. माज्याबद्दल.” माझ्या नोकरीच्या काळात त्या इमारतीत चूक कबूल झाल्याची तेवढी एकच घटना. अहवालात तिची नोंद नाही.

आणि मग दगडू.

बाळांचं वजन करायचा काटा बरोबर आहे का, हे रोज कशावर बघायचं? चाचांनी नदीतून एक गोटा आणला. वाटोळा, गुळगुळीत, काळसर. कर्जतच्या बाजारात सोनाराकडे नेऊन तो तोलून घेतला. अठराशे ग्रॅमला थोडा जास्त भरला, तर घाटावर बसून घासून घासून बरोबर अठराशेवर आणला. कोरा दगड बाळांच्या काट्यावर ठेवणं सिस्टरांना बरं दिसेना, म्हणून त्यांनी त्याला दुपटं दिलं. दुपट्यात आल्यावर नाव आलंच. आपल्याकडे मूल जगावं म्हणून त्याचं नाव दगडू ठेवतात. इथे दगडच होता, त्यामुळे त्याच्या जगण्याबद्दल कुणाला शंका नव्हती. सकाळी काट्यावर चढायचं आणि उरलेला दिवस एखाद्या रिकाम्या खाटेवर पडून राहायचं, असा त्याचा दिनक्रम. नवीन आलेली एखादी आई विचारी, “हे कुनाचं गं?” सिस्टर न बघता सांगत, “चाचांचं.”

दगडूमुळे एक नियमही पडला. एरवी डॉक्टर आयांना ग्रॅममध्ये समजावत आणि आया मान हलवत. सिस्टरांनी ते सोपं केलं: बाळ दगडूपेक्षा जड झालं की घरी.

आमचे डॉक्टर मनाने चांगले होते. हे सांगून ठेवते, कारण पुढे त्यांची शोभा होणार आहे. मुंबईच्या एका परिषदेला जाऊन आले आणि त्यांच्या बोलण्यात ‘संपर्करहित’ हा शब्द दर तिसऱ्या वाक्यात येऊ लागला. तार नाही, चिकटपट्टी नाही, हात नाही. खाटेच्या डोक्यावर लोखंडी हाताच्या टोकाला जेवणाच्या डब्याएवढा पांढरा डबा. तो लहरी सोडतो, त्या छातीवर आपटून परत येतात, छाती तांदळाच्या दाण्याइतकी हलली तरी त्याला कळतं, आणि मिनिटाला किती श्वास ते पडद्यावर उमटतं. खोपोलीच्या बाजूला कारखाना असलेल्या एका कंपनीने तो देणगी म्हणून द्यायचं कबूलही केलं.

डबा आला तेव्हा चाचांनी त्यावर दोनदा टकटक केली.

“छाती कोनाची?” त्यांनी विचारलं.

“बाळाची, चाचा.”

“त्याला कसं समजतं बालाची हाय?”

डॉक्टर हसले. “समोर बाळच असणार ना.”

“हां,” चाचा म्हणाले.

त्यांचं ‘हां’ ऐकलं की वीजघरातले जुने लोक म्हणे जेवण अर्धं टाकून उठत. आमच्याकडे तेवढा अनुभव नव्हता. चाचांनी डब्याचं नाव ‘लांबूनबघ्या’ ठेवलं आणि बादलीवर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात कडावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून एक मुलगी बाळंत होऊन आली. वय असेल वीस. बाळ दोन महिने आधी झालेलं, मुलगी, वजन अकराशे ग्रॅम. एवढ्या लवकर आलेलं बाळ श्वास घ्यायला विसरतं. विसरलं की तळपायावर टिचकी मारायची, म्हणजे त्याला आठवतं. अवघड असं त्यात काही नाही, पण ते विसरलंय हे कुणाला तरी त्याच क्षणी कळायला हवं. त्यासाठी छातीवर चिकटपट्टीने तारा लावतात. आणि त्या बाळाची कातडी पिकल्या टोमॅटोच्या सालीसारखी होती. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी पट्टी बदलली तेव्हा पट्टीबरोबर रुपयाएवढी कातडी निघून आली. सिस्टरांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

आई दारातून बघत होती. ती आत आली आणि शांतपणे म्हणाली, “ह्या वायरी काढा. माजी पोर हाय ती, कांदा नाय सोलायला.”

“अगं, तारा काढल्या तर ती श्वास विसरली हे कळायचं कसं?” डॉक्टर म्हणाले.

“मंग मी घरी नेते. तिथं आमी बगू.”

“घरी नेलीस तर चार दिवस,” सिस्टर म्हणाल्या. त्या असलं काही गोड करून सांगत नसत.

“हितं ऱ्हायली तर सोलून जाईल.”

दोघींचंही खरं होतं, आणि दोघींनाही ते माहीत होतं. म्हणजे, ज्या डब्याबद्दल मी दीड ओळ लिहून मोकळी झाले होते, त्याची कुणाला तरी खरोखरच गरज निघाली. हे आम्हा सगळ्यांना अनपेक्षित होतं. डॉक्टरांनी तिला डबा दाखवला, तार नाही, पट्टी नाही, हे सांगितलं. ती कबूल झाली. “पन परत पट्टी लावली तर मी चालले,” एवढं बजावून. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. त्या सकाळी बाळाच्या अंगावरची शेवटची तार काढली. समारंभ संपर्करहित यंत्राचा होता. संपर्क दिसून चालणार नव्हतं.

प्रमुख पाहुणे, कंपनीचे अध्यक्ष, अकराला येणार होते. ते पाऊणला आले. भारदस्त गृहस्थ. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती आणि ती ते भाषणात भावनावेगासारखी वापरत होते. माझं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. मग टोप्या घालून, चपला काढून मंडळी काचेच्या खोलीत गेली. अध्यक्ष, डॉक्टर, सिस्टर, कोपऱ्यात बाळाची आई, दाराशी मी आणि चाचा, आणि फोटोग्राफर.

हा फोटोग्राफर लग्नातला. नेरळपासून खोपोलीपर्यंत गेल्या वीस वर्षांतला कोणताही नवरदेव त्याने हनुवटीला धरून वळवलेला आहे. त्याने कॅमेऱ्यातून बघितलं आणि म्हणाला, “कंपनीचं नाव दिसत नाय.”

नाव डब्याच्या तोंडावर होतं आणि डब्याचं तोंड खाली बाळाकडे. ही रचना करणाऱ्याला समारंभांचा अनुभव नसावा. फोटोग्राफर पुढे झाला आणि नवरदेवाची हनुवटी वळवावी तसा त्याने डबा अलगद अध्यक्षांकडे वळवला. नाव झकास दिसू लागलं.

पडद्यावरचा बेचाळीस हा आकडा दोनदा लुकलुकला आणि तेवीस झाला.

“तेवीस?” डॉक्टर म्हणाले. बाळाचा श्वास एवढा खाली येणं म्हणजे बाळ दमत आलं. त्यांनी सिस्टरांकडे बघितलं.

“साहेब, जरा पोट आत,” फोटोग्राफर म्हणाला. “श्वास धरा. आसं. हलायचं नाय. हसू ऱ्हाऊ द्या.”

अध्यक्षांनी श्वास धरला.

आकडा शून्यावर गेला आणि डबा किंचाळू लागला.

पुढचं अर्धं मिनिट मी कोणत्याही अहवालात लिहिलेलं नाही. डॉक्टर “नळी, नळी द्या” म्हणत होते. कुणीतरी रुग्णवाहिकेला हाक मारली. सिस्टरांनी बाळाच्या तळपायावर टिचकी मारली आणि झोपलेलं बाळ दचकून रडायला लागलं. आई कोपऱ्यातून धावली. पडद्यावर शून्यच. अकराशे ग्रॅमच्या मानाने पोरगी चांगली ठणठणीत रडत होती, आणि पडद्याच्या मते तिचा श्वास बंद होता. डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे बघत होते. दोहोंपैकी कुणावर विश्वास ठेवावा हे त्यांच्या परिषदेत आलं नसावं. या सगळ्यात फोटोग्राफर दुसरा फोटो घेत होता, आणि अध्यक्ष, शिस्तीचा माणूस, अजून श्वास धरून उभे होते. चेहरा जांभळट होत चालला होता. हसू कायम.

चाचांनी दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केली.

“डाक्टर,” ते म्हणाले, “सायबांना सांगा, श्वास घ्या.”

अध्यक्षांनी हुश्श केलं. पडद्यावर अठ्ठावीस आले.

मग अध्यक्षांनी डॉक्टरांना हळूच विचारलं, “अठ्ठावीस म्हणजे... ठीक आहे ना?” डॉक्टर म्हणाले की कार्डिओग्राम काढून घेतलेला बरा. त्यामुळे चहापान अध्यक्षांविना झालं.

खाली बटाटेवडे चालू असताना वर मात्र सगळं संपायच्या बेताला आलं होतं. आईने बाळ दुपट्यात घेतलं होतं. डॉक्टर घामाघूम झाले होते. “डबा काढा,” ते सिस्टरांना म्हणाले. “पट्ट्या लावा. मला धोका पत्करता येणार नाही.”

“मी काय बोलले व्हते?” आई म्हणाली. “पट्टी लावली तर मी चालले. आन् ह्यो डबा तर खोटारडा हाय.”

तिचा एक पाय दाराबाहेर होता. खाली कडावला जाणारी रिक्षा उभी होती. सिस्टर तिच्या वाटेत उभ्या राहिल्या, पण हात लावला नाही. बाळाला अंगावर घेतलेल्या बाईला हात लावायचा नसतो.

माझी खात्री होती की चाचा आता ‘मी सांगितलं होतं’ म्हणणार. चौतीस वर्षं यंत्रांवर संशय घेतलेल्या माणसाला याहून चांगली दुपार मिळणार नव्हती. चाचा आत आले, डबा पुन्हा खाटेकडे वळवला आणि म्हणाले, “खोटारडा नाय, पोरी. सायबांनी दम धरला, तो बोलला दम धरला. आज सकालपासून ह्या इमारतीत याच्यापेक्षा खरं कोन बोललं?”

माझ्याकडे बघून म्हणाले असं नाही. पण मी खाली बघितलं.

“तुला मोजता येतं?” त्यांनी तिला विचारलं.

“सातवी झालीय माजी. आश्रमशालेत.”

“मंग ठेव तिला हितं. मोज.”

त्यांनी खिशातला रुमाल काढून पडद्यावर टाकला, भिंतीवरच्या घड्याळाखाली उभे राहिले आणि सेकंदकाटा बारावर आला तेव्हा हात खाली केला. बाळ ठेवून ती एक पाऊल मागे सरली होती. तिने बाळाच्या छातीकडे बघितलं नाही. पोटाकडे बघितलं. एवढी लहान बाळं पोटाने श्वास घेतात, हे डॉक्टर शिकाऊ मुलींना दर वर्षी सांगतात आणि त्या दर वर्षी छातीकडे बघतात. तिचे ओठ हलत होते. मिनिट झालं.

“चव्वेचालीस.”

चाचांनी रुमाल उचलला. एकोणीस.

“बगा,” ती म्हणाली.

चाचा पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी पुढे काय होतं ते नीट दिसावं म्हणून खाटेच्या कठड्यावर रेलले होते.

“बाय,” ते म्हणाले, “मागं हो.”

मी भिंतीला टेकले. रुमाल पुन्हा पडद्यावर, अजून एक मिनिट.

“शेहेचालीस,” ती म्हणाली. मग रुमालाकडे बोट करून, “तो किती म्हनतो?”

“पंचेचालीस.”

“एक खाल्लान त्यानं.”

“तुजा खरा,” चाचा म्हणाले. “तो नवीन हाय. तू बस हितं आन् त्याच्यावर लक्ष ठेव. दर तासाला मोजायचं. चुकला का मला हाक मारायची.”

त्या खोलीत आल्यापासून चार दिवसांत तिला सगळ्यांनी बाहेर बस, लांब बस, हात लावू नको, एवढंच सांगितलं होतं. तिने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग रिक्षावाल्याला खिडकीतून ओरडून सांगितलं, “तू जा रं. मला काम हाय.”

उरलेला प्रश्न आमचा होता, कारण खाटेजवळ जाणारा प्रत्येक माणूस श्वास घेत असे. मी लगेच पाटी लिहिली: ‘कृपया संवेदकाच्या कार्यकक्षेत विनाकारण प्रवेश करू नये.’ ती लावल्यावर लोक वाचायला म्हणून आणखी जवळ येऊ लागले. चाचांनी फाटकापुढच्या गतिरोधकाचा उरलेला पिवळा रंग आणला, खाटेभोवती अडीच हातांवर जाड पट्टी ओढली आणि माझ्या पाटीच्या मागच्या बाजूला स्वतः लिहिलं: ‘पट्टीच्या आत उभे राहिल्यास तुमचा श्वास बाळाच्या नावावर लागेल.’

त्यानंतर पट्टीच्या आत कामाशिवाय कुणी पाऊल टाकलं नाही. कर्जत-खालापुरात आपली वस्तू चुकून दुसऱ्याच्या नावावर लागण्याची धास्ती पाळण्यातल्या पोरालाही असते. इथला सातबारा बघितला की कळतं.

आणि एक सवय पडून गेली. डबा ओरडला की सगळे आधी जमिनीकडे बघत. पट्टीच्या आत पाय दिसे, सफाईवाल्या मावशींचा किंवा बहुतेक वेळा डॉक्टरांचा. “पाय काढा,” आई बसल्या जागेवरून म्हणे. डॉक्टर पाय काढत. डबा गप्प बसे.

नवव्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुमारास, डबा ओरडला. सिस्टर जेवणाचा डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून जमिनीकडे बघितलं. मी औषधांच्या यादीवर सही घ्यायला आले होते. मीही जमिनीकडे बघितलं. चाचा पेचकस घेऊन दारात होते.

पट्टीच्या आत कुणी नव्हतं.

सिस्टरांच्या हातातली भाकरी खाली पडायच्या आत आई उठली होती. पट्टी ओलांडली, दुपटं बाजूला केलं. बाळ निळसर पडलं होतं आणि पोट हलत नव्हतं. तिने तळपायावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली, जोराने. बाळाने तोंड वेडावाकडं केलं, पोट एकदा आत गेलं, आणि ते रडलं. तिसरी टिचकी तिने रागाने मारली असावी. “इसरतेस काय गं,” ती म्हणाली. “इसरायची गोष्ट हाय का ती?”

ती मागे सरली, पट्टीच्या बाहेर. मग आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. अठ्ठावीस. छत्तीस. पंचेचाळीस.

चाचांनी त्या वेळी कशावरही टकटक केली नाही. “ह्यो पोरीबद्दल बोलला,” एवढंच म्हणाले आणि जाऊन बादलीवर बसले.

पुढचे आठवडे वजनाचे. रोज सकाळी आधी दगडू, मग पोर. आई दगडूकडे चुलतभावाकडे बघावं तसं बघू लागली. एका सोमवारी पोर अठराशे चाळीस भरली आणि सिस्टर म्हणाल्या, झालं, घरी. चाचा म्हणाले, “कपड्यासकट हाय.”

“दगडाला कपडा चढवून तोलता,” आई म्हणाली, “आन् माज्या पोरीचीच मोजदाद उघडी?”

चाचांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. मग दोघांनाही उघडं करून तोललं. पोर बारा ग्रॅमनी पुढे होती. मध्ये दोघांच्या दुपट्यांची अदलाबदल झाली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. आईने पोर घेतली, दारापर्यंत गेली, परत आली, डब्यावर मधल्या बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली आणि गेली. गेल्या वर्षी ती पोर घेऊन आली होती, खोकल्यासाठी. पोर आता कशालाही टकटक करते. कुणाची सवय, ते सांगायला नको.

वार्षिक अहवालाला फोटो हवा म्हणून त्याच आठवड्यात, मंगळवारी, फोटोग्राफर पुन्हा आला. मी रजेवर होते, चाचा जेवायला गेले होते. त्याने आपलं काम चोख केलं. तो अहवाल अजून माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर माझं वाक्य, सोनेरी अक्षरांत. त्याखाली काचेची खोली. पांढरा डबा, त्यावर कंपनीचं नाव अगदी स्पष्ट. फुलांच्या दुपट्यात गुंडाळलेलं शांत बाळ, चेहरा झाकलेला. पडद्यावर हिरव्या आकड्यांत सतरा. खाली ओळ: ‘संपर्करहित तंत्रज्ञानाच्या निगराणीत सुखरूप बालिका.’ ही ओळही माझीच.

त्या मंगळवारी काचेच्या खोलीत एकही बाळ नव्हतं. दुपट्यात दगडू आहे. सतरा फोटोग्राफरचे आहेत.